बाबांच्या डिक्कीतला फॉर्म

पत्र

ताई, नमस्कार.

मी नागपूरची, मानेवाड्याकडे राहते. वय २६. बी.एड. झालंय, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पहिल्याच प्रयत्नात निघाली. सरकारच्या पवित्र पोर्टलवर शिक्षकभरतीची वाट बघतेय आणि तोवर एका खासगी इंग्रजी शाळेत शिकवते. माझे बाबा महालातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सव्वीस वर्षांपासून सहावी ते आठवीला मराठी आणि इतिहास शिकवतात. वय ५२. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, की ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. बाबा त्या रेषेच्या जेमतेम पलीकडे सापडले. तेव्हापासून त्यांचं काहीतरी बिनसलंय.

माझ्या शाळेला ‘टायवाल्या पोपटांचं दुकान’ म्हणतात. फाटकावर नवी नेमप्लेट लावली, नावापुढे एम.ए., बी.एड. आणि खाली ‘ज्येष्ठ अध्यापक’. इतकी वर्षं तिथे नुसतं आडनाव होतं. गुरुवारच्या भजनात खंजिरी वाजवायचे, ते बंद. दर मार्चमध्ये गल्लीतल्या अर्ध्या घरांचे कूलर बाबाच बसवून द्यायचे. यंदा कोणी विचारलं तर ‘मिस्त्री बोलवा’ म्हणाले. चौकातल्या पानठेल्यावर एकाने हसत विचारलं, ‘काय गुरुजी, आता तुमचाच पेपर हाय म्हणते?’ तेव्हापासून दूध आणायलाही मागच्या गल्लीनं जातात.

मी एकदा म्हटलं, ‘बाबा, सोपी असते, मी घेते ना तुमची तयारी करून.’ त्यांनी माझं बालमानसशास्त्राचं पुस्तक दिवाणावर फेकलं आणि आईला म्हणाले, ‘आता पोरगी मला शिकवून राहिली.’ परीक्षा देणार नाही, नोकरी गेली तरी चालेल, असं रोज सांगतात. आणि मागच्या आठवड्यात त्यांच्या स्कूटरच्या डिक्कीत मला टीईटीच्या फॉर्मची प्रिंट दिसली. भरलेला फॉर्म, फीची पावती जोडलेली. पाकिटावर नाव जरीपटक्यातल्या सायबर कॅफेचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक कॅफे आहे, ताई.

आई म्हणते काही बोलू नको, त्यांना बीपी आहे. मला माहीत आहे हे त्यांना सांगू का? आणि हॉलमध्ये माझं टीईटीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, ते काढून ठेवू का?

उत्तर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, नाहीतर तू खाली खाली तेच शोधत जाशील. सांगू नकोस. डिक्कीत काही दिसलंच नाही असं वाग. आईलाही नको, कारण आईच्या तोंडून ते दोन दिवसांत चहाबरोबर बाहेर पडेल. तो फॉर्म ही तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे आणि तू ती बाबांची चोरी पकडल्यासारखी लिहिली आहेस.

आता हे असं का, त्यासाठी जरा लांबून यावं लागेल.

ग्लिनिस ब्रेकवेल या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८६ मध्ये, माणसाच्या ओळखीला धक्का बसतो म्हणजे नेमकं काय होतं याची मांडणी केली. त्यांच्या मते ‘मी कोण’ ही जाणीव चार गोष्टींच्या आधारानं टिकते. कालचा मी आणि आजचा मी एकच आहे ही सलगता. चारचौघांत आपलं काहीतरी वेगळेपण. आपल्याला जमतं हा भरवसा, जो त्यांनी या यादीत पुढे जोडला. आणि स्वतःविषयीचा मान. आयुष्यात यातल्या एखाद्याला तडा जातच असतो आणि बाकीच्या तिघांच्या जोरावर माणूस सावरतो. बाबांचं दुखणं हे, की एका निकालानं चारही एकदम हलले.

सलगतेचंच बघ. ते नोकरीला लागले १९९९ च्या सुमारास. तेव्हा टीईटी नावाची गोष्टच नव्हती. शिक्षण हक्क कायदा लागू झाला एप्रिल २०१० मध्ये, टीईटीची अट त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आली, आणि ती नव्यांसाठी आहे असंच सगळे जुने शिक्षक समजून चालले. त्यांच्या सेवापुस्तकात सगळ्या नोंदी जागच्या जागी असतील. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, प्रशिक्षणं, निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या ड्युट्या. नवी अट पुढच्या सहा वर्षांसाठी आहे, पण त्यांच्या कानावर ती मागच्या सव्वीस वर्षांवर मारलेल्या शेऱ्यासारखी पडते. मग मी इतके दिवस कोण होतो? हा प्रश्न ते मोठ्यानं विचारणार नाहीत. पण रात्री पाणी प्यायला उठतात तेव्हा तोच असतो.

वेगळेपणाचा भाग तुझ्या लक्षात येणं कठीण आहे, कारण तुझ्या पिढीला रांगेत बसायची सवय आहे. सीईटी, टीईटी, टेट, तलाठी, काय काय. तुमचं अर्धं तारुण्य हॉलतिकिटावर गेलं. बाबा सव्वीस वर्षं परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणारे आहेत. कोणाची पट्टी खाली पडली, कोण शेजाऱ्याच्या पेपरात डोकावतोय, हे बघणारे. आता त्यांना बाकावर बसायचंय, गेटवर खिसे तपासून घ्यायचेत, आणि मागच्या बाकावर त्यांनीच आठवीत कान धरलेला एखादा पोरगा असण्याची चांगलीच शक्यता आहे. तो ‘नमस्कार सर’ म्हणेल. पायाही पडेल. तेच त्यांना नको आहे.

जमण्याचं म्हणशील तर तुला पेपर माहीत आहे: दीडशे मिनिटांत दीडशे प्रश्न, गोल काळे करायचे, खुल्या प्रवर्गाला पासिंग साठ टक्के म्हणजे नव्वद गुण. त्यात इंग्रजीचे तीस. आणि बालमानसशास्त्राचे तीस, जिथे सव्वीस वर्षं खरीखुरी पोरं सांभाळलेल्या माणसाला पियाजे या मानसशास्त्रज्ञानं सांगितलेल्या, मुलांच्या बुद्धीच्या वाढीच्या चार अवस्थांचा क्रम विचारतील. मला यात थोडा विनोद दिसतो. बाबांना दिसावा अशी अपेक्षा करू नकोस. मानाचं तर पानठेल्यानंच करून टाकलं.

इथे एक गोष्ट बजावून ठेवते. आम्हा समुपदेशकांना एक वाईट खोड असते. माणूस चिडला की त्या चिडण्याचा अभ्यास करायचा आणि ज्यावर तो चिडलाय ते विसरून जायचं. बाबांच्या रागात मुद्दा आहे. निम्मी नोकरी संपल्यावर नियम मागे नेऊन लावणं योग्य की नाही, यावर शहाणी माणसं वेगवेगळं बोलतात. शिक्षकांच्या संघटनांनी फेरविचाराची मागणी केली. दुसरी बाजूही आहे. कोर्टानं मुलांच्या शिक्षणाच्या दर्जाचा विचार केला, आणि तुझ्यासारखे हजारो जण ही परीक्षा पास होऊन बसलेत. तू घरात कोणत्याही बाजूनं वकिली करू नकोस. पण ‘बाबा उगाच चिडतात’ हे वाक्य मनातूनही काढून टाक.

आता त्यांच्या वागण्याकडे. जेनिफर पेट्रिग्लिएरी यांनी २०११ मध्ये अशा वागण्याचे दोन मोठे गट पाडले. एकात माणूस आहे ती ओळख वाचवायला बघतो. दुसऱ्यात ती ओळखच थोडी हलवतो: तिचा अर्थ बदलतो, तिला आयुष्यात किती जागा द्यायची ते बदलतो, किंवा तिच्यातून बाहेरच पडतो. वाचवण्याच्या तीन तऱ्हा त्यांनी सांगितल्या आहेत. धोका जिथून येतो त्याला कमी लेखणं, ओळख लपवणं, आणि आपण कसे खास आहोत हे दाखवत राहणं. तुझं पत्र पुन्हा वाच. टायवाले पोपट, मागची गल्ली, नेमप्लेट. तिन्ही हजर.

‘पोपटां’चं तू फार मनाला लावून घेतलंस. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीबरोबर बडगे निघतात ना, त्या वर्षी लोकांचा ज्याच्यावर राग त्याचा पुतळा करून, ‘घेऊन जा गे मारबत’ करत गावाबाहेर नेतात. सुप्रीम कोर्टाचा बडगा करून बाबा कुठे मिरवणार? हाताशी तुझी शाळा होती. तिचा केला.

नेमप्लेटची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. रॉबर्ट विक्लंड आणि पीटर गोलविट्झर यांनी १९८२ मध्ये एक निरीक्षण मांडलं: जी ओळख आपल्याला फार प्यारी आहे तिच्यात काही कमी आहे असं माणसाला जाणवलं, की तो त्या ओळखीच्या खुणा बाहेर मांडायला लागतो. पदव्या, पाट्या, पोशाख, जुने फोटो. ज्याला खात्री आहे त्याला पाटीची गरज कमी. सव्वीस वर्षं तुमच्या फाटकाला नुसतं आडनाव पुरलं, कारण गल्लीला ‘सर’ कुठे राहतात ते ठाऊक होतं आणि सरांनाही ठाऊक होतं. तेव्हा त्या पाटीवरून घरात एकही टोमणा नको. ‘ज्येष्ठ’ हा शब्द जरा जास्त झाला असं तुला वाटत असेल, मलाही वाटतं, पण ते आपल्या दोघींतच राहू दे. या दोघांच्या अभ्यासात आणखी एक दिसलं: अशा खुणा मांडण्यात गुंतलेल्या माणसाचं समोरच्याच्या मनाकडे लक्ष कमी होतं. पुस्तक फेकलं त्या दिवशी समोर तू आहेस, तुला लागेल, हे त्यांना दिसलंच नसेल.

आणि आता तू.

‘सोपी असते बाबा.’ तुझ्या मनात माया होती, मला शंका नाही. पण हे वाक्य त्यांना दुसऱ्या कोणी ऐकवलं असतं तर इतकं लागलं नसतं. अब्राहम टेसर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८८ च्या सुमारास हे नीट समजावून सांगितलं आहे. जवळच्या माणसानं पराक्रम केला की आपली छाती फुगते, पण तो पराक्रम आपल्या क्षेत्राबाहेरचा असला तर. भाच्याला क्रिकेटमध्ये निवडलं, मामा गावभर सांगतो. मामा स्वतः क्रिकेटर असता आणि त्याची निवड हुकली असती, तर तोच मामा गप्प झाला असता. माणूस जितका जवळचा तितकं ते बोचतं. तू बाबांच्याच वाटेनं गेलीस. बी.एड. केलंस तेव्हा ते तुझ्याविषयी कौतुकानं बोलले असतील, मला नक्की वाटतं. मग एका सकाळी ही मुलगी त्यांच्याच क्षेत्रात त्यांच्यापुढे निघून गेली, तीही तिनं काही न करता, कोर्टाच्या एका निकालानं. त्यांना तुझा हेवा वाटत असेल आणि हेवा वाटतो याची लाजही वाटत असेल. बापाला ही लाज कुठे ठेवायची ते कळत नाही. दिवाणावर ठेवली.

म्हणून सर्टिफिकेटचं उत्तर: काढू नकोस. भिंतीवरची फ्रेम गेली आणि तिथे फिक्या रंगाचा चौकोन उरला, तर तो त्यांना रोज सांगेल की घरानं मला नाजूक ठरवलं. तुझी कमाई लपवल्यानं त्यांची परत येत नाही. फक्त पाहुण्यांनी त्या फ्रेमवरून विषय काढला तर तो लांबवू नकोस. ‘हो, झाली. चहा घेता ना?’ एवढं बस.

फॉर्म का गुपित ठेवायचा ते आता सांगते. आणि त्यासाठी आपल्याच गावातली एक गोष्ट, कारण नागपूरनं एकाच वर्षात दोन अगदी वेगळे प्रकार बघितले आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. धर्म सोडण्याची येवल्याची घोषणा १९३५ ची. मधली एकवीस वर्षं विचारात, अभ्यासात, लढण्यात गेली. ज्या ओळखीपायी पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसला ती त्या माणसांनी आपल्या पायांनी चालत येऊन, आपल्या तोंडानं प्रतिज्ञा म्हणून टाकून दिली. मग जेमतेम अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची फेररचना झाली आणि तोवर मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या नागपूरचा तो मान गेला. ते कागदावर झालं, गावाला कोणी उठवून विचारलं नाही. १९५३ च्या नागपूर करारातून विधानसभेचं एक अधिवेशन हाताला लागलं, उपराजधानी हे नाव लागलं, आणि सत्तर वर्षं होत आली तरी चहाच्या दुसऱ्या कपाला आपण राजधानीवर येतोच. दीक्षेचा तो अथांग लढा आणि एका शिक्षकाची टीईटी एका मापानं मोजायचा वेडेपणा मी करत नाहीये. मला त्यातलं एवढंच घ्यायचंय: बदल कोणी ठरवला यावर तो पेलवतो की सलत राहतो हे फार अवलंबून असतं.

बाबांची टीईटी कोर्टानं ठरवली. ती सलतेय. पण जरीपटक्याला जाऊन फॉर्म भरणं त्यांनी स्वतः ठरवलं. मानेवाड्यातून तिकडे म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. गल्लीतल्या कॅफेवाल्यानं, ‘सर, तुम्ही पण?’ म्हटलं असतं, म्हणून ते अख्खं गाव ओलांडून गेले. घरात रोज ‘देणार नाही’ म्हणतात तो पहिला गट आहे, वाचवण्याचा. फॉर्म हा दुसऱ्या गटाकडे टाकलेला पाय आहे. शिक्षक म्हणजे ज्याला कोणी तपासत नाही तो, या अर्थाकडून शिक्षक म्हणजे गरज पडली तर बाकावरही बसतो तो, इथे ते एकटेच चालत निघालेत. तू मध्ये येऊन ‘बाबा, मला माहीत आहे’ म्हणालीस, की तो निर्णय घराचा होईल. मग तो पुन्हा लादलेला. कदाचित ते परीक्षेलाच जाणार नाहीत.

मग तू नुसती बसून राहायचं का? नाही, पण जिथे दुखतंय तिथे हात लावायचा नाही. क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेला विचार मला अशा घरांत सगळ्यात उपयोगाचा वाटत आला आहे. माणसाला एकूण आपण बरे आहोत, कामाचे आहोत, एवढं धरून ठेवायचं असतं. एका ठिकाणी मार बसला तरी दुसऱ्या ठिकाणी आधार असला तर तो त्या मारालाही तोंड देऊ शकतो, अंगावर न धावता. पुढे २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका शाळेत सातवीच्या मुलांना काही मिनिटं, आपल्याला काय मोलाचं वाटतं, एवढंच लिहायला सांगितलं. अभ्यासाचा संबंध नाही. ज्या कृष्णवर्णीय मुलांकडून शाळा कमीच अपेक्षा ठेवते त्यांचे गुण सुधारले. पुढे इतर ठिकाणी करून पाहिलं तेव्हा कुठे साधलं, कुठे नाही. जादू नाहीये ती. पण दिशा बरोबर आहे.

बाबांना वही देऊन ‘तुमची मूल्यं लिहा’ म्हणू नकोस, तीही दिवाणावर जाईल. त्यांच्या आयुष्यात शिक्षकीच्या बाहेरच्या दोन जागा तूच पत्रात सांगितल्या आहेस आणि पुढे गेलीस. खंजिरी आणि कूलर. या धक्क्यात त्यांनी नेमक्या त्याच बंद केल्या. एक ओळख दुखावली की माणूस बाकीच्या ओळखीही आवरून ठेवतो, आणि मग उरलेलं सगळं वजन त्या दुखऱ्या ओळखीवरच येतं. तिथे वजन कमी करायचं काम तुझं.

आता मार्च आहे, ऊन लागलंय. तुमच्या घरचा कूलर अजून गच्चीवर पालथा असेल. तो खाली आण आणि खसच्या ताट्या चुकीच्या मापाच्या घेऊन ये. मुद्दाम. पंपाची वायर तुला कळत नाही हे तर खरंच आहे. एकदा त्यांच्या हातात पाना आला, की शेजारच्या काकूंना हळूच म्हण, तुम्हीच या विचारायला, मुलाला पाठवू नका. दारात आलेल्या मोठ्या बाईला ‘मिस्त्री बोलवा’ म्हणणं त्यांना जड जाईल. भजनाचं तू काही करू शकणार नाहीस. तुकडोजी महाराजांच्या भजनाला ‘चला ना बाबा’ म्हणणारी पोरगी नको, खंजिरीवाचून अडलेला त्यांच्या वयाचा माणूस हवा. मंडळात त्यांच्या जवळचं कोण, ते आईला माहीत असेल. त्यांनी फक्त एवढं म्हणायचं, ‘तुमच्यावाचून ताल धरून राहत नाही.’ टीईटीचा ‘ट’ नाही.

आणि शिकवण्याचं कौतुक? ‘बाबा, तुम्ही तर किती छान शिकवता, तुम्हाला परीक्षेची काय गरज.’ हे सगळ्यात आधी सुचतं आणि मी ते टाळायला सांगेन. ज्या बाबतीत माणूस दुखावलाय त्याच बाबतीत केलेली स्तुती उलटू शकते, प्रयोगांतही तसं दिसलं आहे. त्यांना त्यात सहानुभूतीचा वास येईल. स्तुतीऐवजी काम दे. तुझ्या सातवीच्या वर्गात शिवकालीन महसुलाचा धडा पोरांच्या डोक्यावरून जात असेल तर खरोखर अडलेला प्रश्न घेऊन जा: जमिनीची मोजणी पोरांना कशी दाखवू? अडलेलं नसताना मात्र विचारू नकोस. सव्वीस वर्षांच्या मास्तरला खोटी शंका ओळखता येते.

अभ्यासाचं म्हणशील तर तुझी जुनी पुस्तकं, सराव प्रश्नपत्रिका टाकून देऊ नकोस आणि त्यांच्या पुढेही ठेवू नकोस. कपाटाच्या खालच्या खणात राहू देत. इंग्रजी व्याकरणाचं तर तिथेच. ते रात्री काढतात का हे बघायला जाऊ नकोस. आणि ‘या वयात पाठांतर अवघडच’ अशी दिलाशाची वाक्यं घरात कोणीच बोलू नका, आईसुद्धा. स्टील आणि जोशुआ ॲरनसन यांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं की आपल्या गटाविषयीचा वाईट समज ऐन परीक्षेत मनात जागा झाला तर गुण घसरू शकतात. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत तो परिणाम पुष्कळ लहान निघाला, तेव्हा फार ताणत नाही. पण पन्नाशीच्या माणसाला वयाची आठवण करून दिल्यानं फायदा होतो, असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

आईला बाबांच्या बीपीची काळजी वाटते, तिला मी हसत नाही. गोळी वेळेवर घेतात का ते बघा. झोप उडाली, जेवण तुटलं, ‘मी नसलो तर बरं’ असं काही कानावर आलं, तर मग हे सगळं गुपित-बिपित बाजूला ठेवायचं आणि थेट विचारायचं, डॉक्टरांकडे न्यायचं. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. पत्रावरून मला तसं दिसत नाही. जो माणूस जरीपटक्याला जाऊन फी भरून येतो तो पुढचं बघतोय.

तुझ्याविषयी तू एका वाक्यात उरकलंस. तुझीही ओळख लटकलेलीच आहे की; शिक्षिका आहेस पण पोर्टलवर नाव नाही, शिकवतेस त्या शाळेची घरात टिंगल. तू बाबांची तयारी घ्यायला इतकी उतावीळ झालीस त्यात हेही थोडं असेल. कुणीतरी आपल्याला शिक्षिका म्हणून कामाला लावावं. त्यात वाईट काही नाही. फक्त ती भूक बाबांवर भागवू नकोस, बेटा. ‘पोपट’ पुन्हा ऐकलंस तर एकदा शांतपणे म्हण, ‘बाबा, माझ्या वर्गात बावन्न पोरं आहेत, त्यांना मी शिकवते,’ किंवा जी काय संख्या असेल ती, आणि उठून जा. त्यांना समजून घ्यायचं म्हणजे सगळं गिळायचं असं नाही.

परीक्षेच्या दिवशी ते ‘शाळेत काम आहे’ म्हणून रविवारी बाहेर पडतील. डबा मागतील किंवा मागणार नाहीत. आईनं रोजच्यासारखा द्यावा, गोड नको. फॉर्मचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला असशील तर आजच उडव, नाहीतर निकालाच्या दिवशी तू त्यांच्या आधी बघशील आणि तुझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळेल. नापास झाले तर मुदत दोन वर्षांची आहे, पुन्हा बसता येतं. ते हिशेब त्यांनी तुझ्याआधी केलेत. पास झाले तर संत्राबर्फी त्यांनाच आणू दे. कदाचित आणणारही नाहीत. ‘त्यात काय एवढं, सोपी असते’ म्हणून पेपर वाचत बसतील. तेव्हा तू हसायचं नाहीस.